खवलेचोराचा पत्ता

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या प्रत्येक फोनवर एक आकडा फिरत असतो. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. सकाळी सहाला इतके फूट इतके इंच, दुपारी बाराला इतके. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या महापुरात हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर रात्री दोन वाजतासुद्धा कुणीतरी तो टाकत होतं आणि कुणीतरी लगेच बघत होतं.

पंचगंगेत पाणी किती आहे हे आम्हाला इंचात माहीत असतं. त्या पाण्यात राहतं कोण, हे मात्र मला वयाच्या तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. ते शोधायला लागलो एका चोरामुळे.

१९५२चा पाहुणा

चोर म्हणजे एक छोटा मासा. त्याला पहिल्यांदा मिळालेलं शास्त्रीय नाव निओट्रोपियस खवलचोर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी गंमत केली आहे. लॅटिन नावांच्या रांगेत हा आपला खवलचोर कुठून आला? पण नाव खरं आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ साली ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नुसती जात नवी नव्हती, त्यांनी तिच्यासाठी प्रजातीही नवी मांडली. आणि ज्या नमुन्यांवरून हे वर्णन झालं ते सापडल्याचं ठिकाण होतं कोल्हापूरजवळची पंचगंगा.

म्हणजे जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हा मासा ओळखायचा झाला, तर शेवटी संदर्भ येऊन थांबतो तो आपल्या नदीवर. प्राण्यांच्या शास्त्रात याला मूळ ठिकाण म्हणतात. माणसाच्या दाखल्यावर जन्मगाव असतं, तसंच.

कुलकर्णी हे साधं नाव नव्हे. त्याआधी १९४० साली त्यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या-गोड्या पाण्यातला एक इवलासा, जवळपास पारदर्शक मासा शास्त्रापुढे आणला होता, होराइक्थिस सेतनाय. तो इतका वेगळा होता की त्याच्यासाठी नवं कुळ उभारावं लागलं. पुढे सत्तरच्या दशकात लोणावळ्याला महासीर माशाची कृत्रिम पैदास करण्याच्या कामाचा पाया घालणाऱ्यांतही तेच होते. त्या गोष्टीकडे नंतर येतो.

खवलेचोराचं नाव त्याच्या धंद्यावरून पडलं आहे. हा दुसऱ्या माशांची खवलं खातो. मासा पूर्ण गिळत नाही, मारत नाही. जवळ जातो, अंगाला झटका देऊन खवलं ओरबाडतो आणि निघून जातो. ऐकायला विचित्र वाटतं, पण खवल्यात प्रथिनं असतात, कॅल्शियम असतं, वर बुळबुळीत पोषक थर असतो. शिवाय ओरबाडलेलं खवलं पुन्हा उगवतं. म्हणजे चोर आज ज्या घरी आला, तिथेच थोड्या दिवसांनी परत येऊ शकतो. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले काही मासे असंच जगतात, आणि त्यांच्यात तर डाव्या बाजूला वळलेल्या तोंडाचे आणि उजव्या बाजूला वळलेल्या तोंडाचे असे दोन गट असतात. आपल्या खवलेचोरावर महाराष्ट्रातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रबंध लिहिला. त्याचं वागणं, तोंडाची ठेवण आणि पचनसंस्था हे सगळं याच उद्योगाला कसं जुळतं, ते त्यांनी दाखवलं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. चोर भरल्या घरी जातो. ज्या नदीत एक मासा फक्त दुसऱ्यांच्या खवल्यांवर पोट भरू शकतो, त्या नदीत खवल्यांचे मासे किती असले पाहिजेत! १९५२च्या पंचगंगेत एका चोराचा संसार चालत होता, हे त्या नदीच्या श्रीमंतीचं प्रमाणपत्र होतं. आज तो तिथे आहे का, हा प्रश्न म्हणजे ती श्रीमंती उरली आहे का, असा प्रश्न.

नावं कुणी सांगितली?

पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांमध्ये कोणते मासे होते, याची पहिली मोठी लेखी नोंद १८३९ची. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. जमीन, पीक, पाऊस, माणसं, पक्षी, प्राणी, सगळं. परत गेल्यावर त्याने लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवर निबंध मांडला. त्याचं काम मुख्यतः पुणे-नगरकडच्या नद्यांवरचं, पण भीमा काय आणि पंचगंगा काय, शेवटी दोन्ही कृष्णेच्याच लेकी.

साइक्सने नव्या माशांना दिलेली नावं मोठ्याने वाचून बघा. खुद्री. कोलुस. मुल्या. सिंगटी. गोगरा. टाकरी. इचकिया. नदीकाठच्या माणसाला यातली निम्मी तरी अर्थासकट कळतील. आमच्याकडचा कोळस, मळ्या, शिंगटी, इंग्रजाच्या कानातून गेल्यावर असे झाले आणि लॅटिनच्या वेशात जगभर गेले. दख्खनच्या महासीरचं आजचं शास्त्रीय नावही टॉर खुद्रीच आहे.

या नावांवरून एक गोष्ट उघड दिसते. साइक्सला ती कुणीतरी सांगितली. जाळं उपसणाऱ्या एखाद्या भोयाने एकेक मासा हातात धरून सांगितलं असणार, हा अमुक, हा तमुक. त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. दख्खनच्या नद्यांचे पहिले अभ्यासक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी साइक्सचं नाव दुसरं घेईन.

त्याच निबंधात एक मासा आहे जो मला झोपू देत नाही: अहीर. सापासारखा लांब. साइक्सने त्याला एल्फिन्स्टनचं नाव दिलं. अहीर गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो. सॅल्मनच्या बरोबर उलटा प्रवास: सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परत येतो. आता नकाशा डोळ्यापुढे आणा. दख्खनच्या पठारावरचं पाणी पूर्वेला वाहतं. म्हणजे साइक्सने पाहिलेला अहीर बोटाएवढा असताना बंगालच्या उपसागरातून निघून, अख्खं आंध्र आणि कर्नाटक ओलांडून, सह्याद्रीच्या पायथ्याकडे आला होता. आज समुद्रापासून पंचगंगेकडे येणाऱ्या वाटेवर विजयवाड्याचा बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर आणि अलमट्टी उभे आहेत. अलमट्टीचा आपल्याला राग येतो तो पुराच्या फुगवट्यामुळे. अहीराच्या बाजूने कुणी कधी मोर्चा काढलेला नाही.

याद्या

१९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये ‘फिशेस ऑफ कोल्हापूर’ नावाचा लेख आला. लेखक कळावर आणि केळकर. संस्थान विलीन होऊन सात वर्षं झाली होती, शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरी धरण पूर्णत्वाला येत होतं, आणि दोन माणसं कोल्हापूरच्या माशांची यादी करत होती.

ही यादी म्हणजे आमच्या नद्यांचा जुना कौटुंबिक फोटो आहे. पण फोटोत कोण होतं ते कळतं, प्रत्येकाकडे किती शेर धान्य होतं ते कळत नाही. यादीत मासा ‘आहे’ किंवा ‘नाही’. गावागणिक टोपल्या भरून मिळणारा मासा आणि वर्षातून एकदा चुकून सापडणारा मासा, दोघांनाही एकेकच ओळ. त्यामुळे घसरण यादीत दिसत नाही. शंभराचे दहा झाले, दहाचा एक झाला, तरी यादी तेवढीच लांब राहते. शेवटचा मासा गेला की एकदम एक नाव कमी होतं, आणि तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तरीही जुन्या याद्या नसत्या तर काहीच नसतं. पुण्यात मुळा-मुठेच्या बाबतीत साइक्सनंतर फ्रेझर, सुटर अशांनी चाळीसच्या दशकात नोंदी केल्या, पुढे वाघ-घाटे, खरात, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या सुमारास त्याच नद्या पुन्हा धुंडाळल्या. जुनी यादी हातात होती म्हणूनच कोण गेलं, बाहेरून कोण आलं, हे सांगता आलं.

बाहेरून आलेल्यांत एकाचं नाव तुम्हाला माहीत आहे. तिलापिया. आपल्याकडे चिलापी. हा आफ्रिकेतला मासा भारतात आणला गेला तेही १९५२ सालीच. एकाच वर्षी एकाचा जन्मदाखला निघाला आणि दुसऱ्याने देशात पाऊल ठेवलं. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या, गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही निभावून नेते.

बर्गे

आणि साचलेलं पाणी आम्ही भरपूर तयार केलं. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हा महाराष्ट्रभर गेलेला आमचा शोध. खांब उभे, खांबांना खाचा, खाचांत बर्गे. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं, ऊस पिकवायचा. पुढचा पाऊस आला की बर्गे काढायचे, नदी मोकळी.

माशाच्या बाजूने पाहिलं तर यात एक चांगली गोष्ट आहे. आपल्याकडचे बरेच मासे मृगाच्या पहिल्या पुरात उलट्या प्रवाहाने ओढ्या-ओहोळांत, भातखाचरांत अंडी घालायला चढतात. चढणीचे मासे. सॅल्मनसारखा समुद्रापासूनचा प्रवास नाही, पण ओढ तीच. या दिवसांत बर्गे निघालेले असतात, बंधारा पाण्याखाली जातो, वाट मिळते. मोठ्या धरणाच्या भिंतीपेक्षा हे त्यातल्या त्यात बरं. (चढणीच्या माशांना काठावर काठ्या, जाळी घेऊन आपणच उभे असतो आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या कढईत जातात, तो वेगळा मुद्दा.)

वाईट गोष्ट उरलेल्या आठ महिन्यांची. वाहती नदी तळ्यांची माळ होते. खळाळत्या, दगडगोट्यांच्या पाण्यात जगणाऱ्या खडशीसारख्या माशांचं घर बुडतं, चिलापीचं वाढतं. त्या तळ्यांत नाल्यांचं सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी उतरतं. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग वरच्या बंधाऱ्याचे बर्गे निघतात किंवा वळवाचा पहिला दणका येतो, महिन्यांचं साचलेलं काळं पाणी एका रात्रीत खाली येतं, आणि सकाळी बातमी: पंचगंगेत मृत माशांचा खच.

मी शिरोळ तालुक्यातला. पाचवीत असताना असा खच पाहिला. मासे पाण्याच्या कातडीवर तोंडं उघडून वाजवत होते. सगळं गाव बादल्या घेऊन धावलं होतं, मीही गेलो. घमेलंभर मासे घेऊन घरी आलो तर आजीने उंबऱ्यातच थांबवलं. म्हणाली, “नदी आजारी हाय. आजारी माणसाच्या ताटातलं खाऊ ने.” मी ते मासे उकिरड्यावर टाकले. त्यात कोणकोणते मासे होते हे मी पाहिलं नाही. आज ती माझी सगळ्यात मोठी चूक वाटते. त्या दिवशी नदीने आपली सगळी यादी काठावर मांडून ठेवली होती, आणि ती वाचणारं कुणी नव्हतं.

खच. आमच्याकडे माशांचं एवढं एकच माप आहे. आणि खच हे काही माप नाही.

खिडकीत बसलेली माणसं

अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल नावाचं धरण आहे. माशांना धरण चढून जाता यावं म्हणून तिथे पायऱ्यापायऱ्यांची वाट केली आहे, आणि त्या वाटेला पाण्याखाली काचेची खिडकी. खिडकीशी माणूस बसतो आणि समोरून जाणारा प्रत्येक सॅल्मन मोजतो. हे काम १९३८ पासून चालू आहे. आमच्या राजाराम बंधाऱ्याच्या फूट-इंचांसारखा तिथे माशांचा रोजचा आकडा जाहीर होतो.

मोजल्याने मासे वाचतातच असं नाही. कोलंबियातले सॅल्मनचे कितीतरी गट आजही सरकारी धोक्याच्या यादीत आहेत. पण तिथलं भांडण आकड्यांवर होतं, ‘आमच्या काळी लई मासं हुतं’ यावर नाही. त्याच पश्चिम किनाऱ्यावर क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये पाडून झाली आणि त्याच शरद ऋतूत सॅल्मन वरच्या पाण्यात पोहोचले. पोहोचले हे कळलं, कारण वाट बघणारी माणसं तिथे होती.

नुसतं मोजूनही भागत नाही, काय मोजतोय हे कळावं लागतं. लोणावळ्याच्या महासीरची गोष्ट इथेच येते. कुलकर्णी आणि नंतर ओगले यांनी टाटांच्या वळवण तलावाजवळच्या केंद्रात टॉर खुद्रीची पैदास यशस्वी केली. ही खरोखर मोठी कामगिरी होती. पिल्लं अनेक राज्यांत गेली. त्यातली कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा एक महासीर होता, पाठीवर मदार असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महासीरांपैकी एक. तिथल्या गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या छावणीत पकडलेल्या (आणि सोडून दिलेल्या) प्रत्येक माशाची वही ठेवली जाई. १९९८ ते २०१२ च्या त्या वह्या पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांनी उघडल्या आणि २०१५ साली जे छापलं ते धक्कादायक होतं. महासीरची एकूण संख्या वाढत होती, पण वाढ होती ती आपल्या दख्खनी पाहुण्यांची. मदारवाला जवळजवळ दिसेनासा झाला होता. आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

आपल्या मातीतला मासा दुसऱ्याच्या घरात चिलापी झाला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. आणि हे कळलं कशावरून? शिकाऱ्यांच्या वहीवरून.

शोध

खवलेचोराचं चित्र फोनमध्ये घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात नदीकाठाने फिरलो. एका गावाबाहेर जाळं विणत बसलेले एक काका भेटले. सत्तरीचे. चित्र दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

“फोटूत मासा कळत न्हाई पोरा. हातात घेऊन उलथा-पालथा केला की कळतोय.”

“आता काय मिळतं, काका?”

“चिलापी. मग चिलापी. आन् मग चिलापी.” ते हसले. मग न विचारता बोटं मोडत नावं सांगू लागले: खडस, कोळस, तांबर, वाम, मरळ, शिंगटी, अहीर. अहीराला थांबले. “त्यो आमच्या बाच्या जाळ्यात. मी धरलेला न्हाई.”

शेजारी त्यांचा नातू मोबाईलवर गेम खेळत होता. नववीत. त्याला यातली चारच नावं माहीत होती. साइक्सला नावं सांगणाऱ्या माणसापासून इथपर्यंत ती तोंडी चालत आली, आणि माझ्यासमोर तीन नावं एका पिढीत गळाली. मासे जातात तशीच नावंही जातात, आणि नाव गेलं की मासा गेल्याचं कळायचीही सोय राहत नाही.

आशा अगदीच नाही असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात येणारी हिरण्यकेशी जिथे उगम पावते, त्या आंबोलीच्या मंदिराच्या कुंडात २०२० साली एक नवा मासा जाहीर झाला, शिस्टुरा हिरण्यकेशी. देवाचं पाणी म्हणून लोकांनी जपलं, म्हणून तो वाचला. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. जैवविविधता कायदा २००२चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकांकडून विचारून नोंदवही करायची असते. तुमच्या गावात ती आहे का, कधी मागून बघा. माशांचं पान उघडा. तिथे गावच्या भोयांनी सांगितलेली नावं आहेत की कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेली, ते एका नजरेत कळेल.

मी त्या नातवाला दोनशे पानी वही घेऊन दिली. वरती चार रकाने आखले: तारीख, जागा, मासा, किती. आजोबा सांगतील ते नाव लिहायचं, शास्त्रीय नको. मासा हातात घेऊन, उलथा-पालथा करून, मग लिहायचं. शेजारी फोटो काढून ठेवायचा.

जूनमध्ये चढण सुरू झाल्यावर त्याने मला पानांचे फोटो पाठवले. अपेक्षेप्रमाणे पानभर चिलापी. मध्ये शिंगटी, मध्ये वाम. तिसऱ्या पानावर एका ओळीत माशाच्या रकान्यात त्याने फक्त लिहिलं होतं, ‘आजोबा म्हणतात माहीत नाही’. पुढे प्रश्नचिन्ह. फोटो हललेला होता, मासा चांदीसारखा, मिशा असाव्यात किंवा नसाव्यात. मी तो मोठा करून, लहान करून बघितला. फोटूत मासा कळत नाही.

त्याला लिहिलं, पुढच्या वेळी असा मिळाला तर सोडायच्या आधी मला फोन कर. त्याने अंगठा पाठवला आणि त्याखाली बंधाऱ्याची पातळी: २६ फूट ४ इंच.